तोच फॉर्म, तेच बटण
रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीत मावशी वर्षानुवर्षं बसत होत्या. माहिती भरून एफ-फाइव्ह दाबलं, की केसपेपर निघायचा. आज तोच फॉर्म पहिल्यांदा ब्राउझरमध्ये उघडला होता. “रंगसुद्धा तोच ठेवलाय, मावशी. नवीन काही शिकायला नको,” शेजारी उभा असलेला, तो फॉर्म बनवणारा प्रोग्रामर हौसेने म्हणाला. तेवढ्यात तापाने फणफणलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन एक बाप आला. मावशींनी नाव, वय, पत्ता भरून एफ-फाइव्ह दाबलं. ब्राउझरमध्ये त्या बटणाने पान नव्याने उघडतं. सगळे रकाने कोरे झाले. त्यांनी पुन्हा भरलं. बोट पुन्हा तिथेच गेलं. “मावशी, ते बटण नको!” “कळतंय रे, पण हात ऐकत नाही!” जुना फॉर्म प्रोग्रामरनेच सकाळी काढून टाकला होता. मावशींनी खुर्ची सोडली. तो बसला. “मुलीचं नाव?” बाप तिला हलवत होता. “बाळा, काकांना नाव सांग.” ती बोललीच नाही; तिची मान त्याच्या खांद्यावर लुळी पडली होती.