समोरचा फलाट

नव्या फलाटाच्या उद्घाटनाला पाहुणे येऊन बसले, पण हार पोचले नव्हते. हारवाली कुसाबाई पाटी घेऊन समोरच्या जुन्या फलाटावर उभी होती. द्वारका चौकातून येणारी बस अजून जुन्याच बाजूला थांबत होती आणि मधला पूल नकाशातच होता.

"अहो बाई, बघत काय उभ्या राहिलात?" इंजिनियरसाहेब पलीकडून ओरडले. "चार पावलं तर आहेत. या रूळ ओलांडून, कुणी काही म्हणणार नाही!"

"नाय येणार!" कुसाबाईनं पाटी खाली आदळली. "आधी पूल बांधा, मंग हार मागा. आमचे मालक हीच चार पावलं चालून यायला निघाले व्हते. त्यांच्या तिरडीवरचा हारबी मीच ओवला."