नगण्य माना

भौतिकशास्त्राच्या गणितात जे गृहीत धरलं जाईल ते खरं करून दाखवणारी खोली शाळेत येऊन आठवडाही झाला नव्हता. टिपणीसबाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "घर्षण नगण्य माना."

पुढच्या क्षणी बाई फरशीच्या मधोमध फतकल मारून बसल्या होत्या. कितीही हातपाय मारले तरी जागच्या हलेनात. अट रद्द करायचं बटण समोरच्या भिंतीवर होतं.

"बाई, चप्पल मागे भिरकावा!" शंका विचारून जीव खाणारी जुई बाकाला मिठी मारून ओरडली. "ती मागे गेली की तुम्ही पुढे!"

बाईंनी चप्पल भिरकावली आणि खरंच त्या बटणाकडे सरकू लागल्या.

"शाब्बास! आता सांग, माझा वेग किती?" बाईंमधली शिक्षिका काही गप्प बसेना.

"त्याला तुमचं वजन लागेल, बाई."

सगळ्या वर्गानं कान टवकारले.

"ते नगण्य माना!" बाई कडाडल्या.

खोलीनं मानलं. हातभर अंतरावर आलेलं बटण बाईंच्या पायांखाली गेलं, मग फळाही खाली गेला, आणि हवेहूनही हलक्या झालेल्या बाई अलगद छताला टेकल्या.

"बाई, आता बटण दाबलं तर किती वेगानं आपटाल, ते काढायला वजन लागत नाही," जुई खालून समजुतीनं म्हणाली. "फक्त छताची उंची सांगा."