एकेचाळीस अंश

"माझा तेवढा एक निबंध आहे का यात, बघता का जरा?" निवृत्त सर म्हणाले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले.

विभागात त्यांना माघारी 'गोगलगाय' म्हणत. नऊ वर्षं त्यांनी एकाच ओढ्यातल्या गोगलगायी मोजल्या, त्यावर एकच शोधनिबंध लिहिला आणि निवृत्त झाले. चालणंही बेताचंच, त्यामुळे ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

प्रोग्रामरबाईंनी शीर्षक टाइप केलं. दोन वर्षं खपून त्यांनी बनवलेलं हे सॉफ्टवेअर माणसांसाठी नव्हतंच. एआय एजंटांनी मागितलेले शोधनिबंध त्यांना काढून द्यायचे, एवढंच त्याचं काम. ग्रंथालयात हल्ली कुणी फिरकत नसे. एजंट वाचत, आणि ते सांगतील तेवढं माणसं ऐकत. यात जो निबंध नाही, तो यापुढे कुणीच वाचणार नव्हतं. सरांना एवढं नीट कळलं होतं, म्हणून तर ते दोन जिने चढून आले होते.

"नाही दिसत, सर."

"असं कसं? छापलाय तो."

"छापला असेल हो," मागून विभागप्रमुख म्हणाले. "पण ज्याचा दुसऱ्या कुणीच उल्लेख केला नाही, तो निबंध आपण आत घेत नाही. एजंटांचा वेळ फुकट जातो. मीच घातलाय तो नियम."

प्रमुख एकेकाळी सरांचे विद्यार्थी. तेव्हा सर त्यांना अरे-तुरे करत. प्रमुख झाल्यापासून अहो-जाहो सुरू झालं होतं.

"मग नुसतं 'ओढ्यातल्या गोगलगायी' असं टाकून बघा," सर बाईंना म्हणाले.

पहिलाच निबंध आला तो प्रमुखांचा. सहाशे बारा ठिकाणी उल्लेख. याच निबंधावर त्यांना प्रमुखपद मिळालं होतं. सरांनी तेव्हा अभिनंदनाचं पत्र पाठवलं होतं; निबंध मात्र वाचला नव्हता, कारण ते परदेशी नियतकालिक त्यांच्या ऐपतीबाहेरचं होतं.

"बघा सर, विषय पोचला ना? म्हणजे तुम्हीही पोचलात," प्रमुख हसून म्हणाले.

एजंट आधी आकडे बघतात, म्हणून सॉफ्टवेअरने थेट तक्ता उघडला. जागा, शंखाची लांबी, पाण्याचं तापमान; बारा ओळी. सरांनी चष्मा चढवला आणि पडद्यावर बोट ठेवून ते एकेक ओळ वाचू लागले. सातव्या ओळीवर बोट थांबलं.

"हे एकेचाळीस," ते म्हणाले. "इतक्या गरम पाण्यात गोगलगायी शिजतील. चौदा होतं ते. आमच्या हिच्याकडून माझा निबंध टाइप करताना आकडे उलटे पडले. तिला वाईट वाटेल म्हणून मी कधी दुरुस्ती छापली नाही." मग मान वळवून त्यांनी कितीतरी वर्षांनी एकेरीत विचारलं, "तुझ्याकडे कुठून आलं रे हे?"

दुसरा कुणी असता तर त्याने मान खाली घातली असती. पण कोडगेपणा काही एका दिवसात येत नाही, त्यालाही वर्षानुवर्षं मेहनत लागते. आणि प्रमुख मेहनती होते.

"बरं झालं सांगितलंत, सर. सहाशे जणांनी वापरलं, एकाच्याही डोक्यात आलं नाही. मॅडम, तिथे चौदा करा."

"राहू दे ना ते," सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "ती गेली आता. तेवढी एकच खूण आहे आमची त्यात."

"चूक दिसल्यावर ठेवायची कशी, सर? तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला."

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. शिकवलं तर खरंच होतं.

बाईंनी आकडा बदलला. पडद्यावर दोन रिकाम्या चौकटी उघडल्या.

"दुरुस्तीचं कारण काय लिहू?"

"टायपिंगची चूक."

"आणि चूक कुणी दाखवली, त्याचं नाव द्यावं लागतं."

"लेखकाने स्वतः," प्रमुख म्हणाले.

बाईंनी एकदा सरांकडे पाहिलं. मग त्यांनी प्रमुखांचं नाव टाइप केलं.