आडवी उंची

दलालानं दाखवलेल्या पहिल्या जुन्या गाडीत वैजयंती पुढची सीट पूर्ण पाडून आडवी झाली. कमरेखाली उंचवटा रुतला, गुडघे मुडपावे लागले. दुसरीत पाठ सपाट टेकली, पायही जेमतेम सरळ झाले.

"ताई, लोक गाडी बसून बघतात," दलाल म्हणाला.

"लेकीला झोपवूनच दवाखान्यात न्यावं लागतं. सातवीतच माझ्याएवढी झाली, मग अंथरूण धरलं."

दुसरी गाडी दारात आली. नवऱ्यानं हार घातला. दोघांनी लेकीला चादरीत उचलून आत ठेवलं. पावलं पुढे अडली. गुडघे वाकवताच ती किंचाळली. मागे सरकवलं, तरी पाय वीतभर जास्तच.

चार वर्षांत तिला उभं कुणी पाहिलंच नव्हतं.

आतून लेकीनं विचारलं, "आई, मी तुझ्यापेक्षा उंच झाले?"