खोट काढायची खोड

आमच्या ह्यांना एक वाईट खोड आहे. वस्तू मनात भरली की आधी तिला नावं ठेवायची. त्याने म्हणे दुकानदार नरमतो.

परवा जुन्या वस्तूंच्या दुकानात ह्यांना एक शाईचं पेन दिसलं. भिंगातून निब पाहिली, टोपण फिरवून आटे तपासले आणि माझ्या कानाशी लागले, "अगं, अस्सल आहे! तरुणपणापासून हेच शोधतोय. तू मात्र मध्ये बोलू नकोस." तेवढंच मला जमत नाही, तरी गप्प बसले.

मग हे दुकानदाराला म्हणाले, "निब दुसऱ्याच पेनची बसवलीय. टोपणाचा रंग जुळत नाही. कुणीतरी नकली माल तुमच्या गळ्यात मारलाय."

दुकानदाराचा चेहराच पडला. "बरं झालं सांगितलंत, काका. तुमच्यासारखा जाणकार आला नसता, तर माझ्या हातून कुणाची तरी फसवणूक झाली असती." त्याने पेन खणात टाकलं आणि कुलूप लावलं.

"अहो, नीट पाहिलं तर अस्सलच वाटतंय..." हे घाईघाईने म्हणाले.

"राहू द्या काका, माझं मन राखायला खोटं बोलू नका."

दुकानाच्या पायऱ्या उतरताना हे सारखे मागे वळून त्या कुलूपबंद खणाकडे बघत होते. शेवटी मीच म्हणाले,



"मला मागणी घालायला आलात तेव्हा माझ्यातही अशीच खोट काढली होतीत. माझे बाबा ह्या दुकानदाराइतके सरळ असते, तर आमच्या घराच्या पायऱ्याही असेच रिकाम्या हातांनी उतरला असतात!"