चौथ्या पट्ट्यातली छाया

“बाई, चौथ्या पट्ट्यात अजून रेवाच का पळते?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून ओवीने विचारलं खरं, पण मागे पिकलेली खसखस एकदम थांबली.

शाळेच्या मैदानावरचं यंत्र विक्रम करणाऱ्या मुलींच्या धावा प्रकाशछायांतून पुन्हा दाखवी आणि मुली त्यांच्याशी शर्यत लावत. रेवा जन्माने मुलगी नाही अशी तक्रार गेली, तिला मुलींच्या संघातून काढलं आणि तिने शाळाच सोडली. छाया तेवढी राहिली.

“तिचा विक्रम कुणी मोडला की जाईल ती,” घोलपबाई म्हणाल्या. “मोड की तूच!”

ओवी जीव तोडून पळाली. वळणावर छायेने मान वळवली, अगदी रेवासारखी, आणि तिचे मुके ओठ हलले, “ये गं, ओवे!” त्या विक्रमी धावेतसुद्धा रेवा मागे पडलेल्या ओवीसाठी वळून बघत होती. ओवी पट्ट्यातच थांबली.

जेवताना आई म्हणाली, “आता जिल्ह्याला पहिली तूच ना गं?”

“रेवा पळाली तर दुसरी येईन,” ओवी म्हणाली. “आई, बाबा, त्या तक्रारीवर पहिली सही माझी होती. उद्या जाऊन मी ती मागे घेणार आहे.”