हळदीआधीची तपासणी

"हात न टेकता उठायचं, आई. भिंतीपर्यंत जायचं, वळायचं आणि परत येऊन बसायचं," चंद्राने समजावले.

गोदूबाईंनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. "आनि पडली तं?"

"मी आहे ना शेजारी."

निजामपुऱ्यातल्या त्या लहानशा दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांचा तोल आणि चाल तपासणे हे चंद्राचे काम. सगळे तिला चंद्राताई म्हणत. पंढरी तेवढा डॉक्टरबाई म्हणे. कापडाच्या लूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर असलेला हा पंढरी मुरगळलेला पाय घेऊन प्रथम आला होता. पाय बरा झाला, तरी आईच्या तक्रारी सांगायला तो येत राहिला. आज दिघाशीहून, आपल्या गावाहून, आईलाच घेऊन आला होता आणि बाहेर व्हरांड्यात बसला होता.

"घरात कधी पडलात?"

"पडली न्हाय, पन भ्या वाटतं. पंढरीचं लगीन काढलंय. हळदीला नवऱ्याची आई नाचली न्हाय तं बाया मना जगू देतील? तू हो म्हनशील तं नाचन. न्हाय तं बसन खाटेवर टाळ्या पिटत."

चंद्राची नजर क्षणभर व्हरांड्याकडे गेली. मग तिने पदर खोचला.

"नाचायचंच आहे आपल्याला. उठा."

पाय जुळवून, डोळे मिटून गोदूबाई खांबासारख्या उभ्या राहिल्या. चालल्याही नीट. भिंतीपाशी वळताना मात्र त्या एकाएकी कलल्या. चंद्राने झेपावून त्यांना कवेत घेतले आणि दोघी जमिनीवर बसल्या. चंद्राचे कोपर सोलवटले.

"लागलं का कुठं?" तिने आधी त्यांच्या कमरेवरून, मग गुडघ्यांवरून हात फिरवला.

"मना न्हाय. तुझंच रगत आलंय."

"येऊ दे. फुगडी घालायची ती अंगणात, आई. इथं नाही."

गोदूबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

चंद्राने त्यांचे तळवे, घोटे, डोळे पुन्हा तपासले. दोष सापडेना. तरीही डोळ्यांदेखत घडलेले नाकारता येत नव्हते.

"नाचा, पण गिरकी जपून घ्या. आणि कुणीतरी हात धरायला हवं."

"कोन धरंल? हळदीत ज्याचा त्याचा नाच."

"हळदीपुरतं कुणालाही सांगा. पुढं तर नवी सून असेलच घरात." हे म्हणणे तिला जड गेले; पण सल्ला खरा होता. "ती धरेल."

"धरंल म्हनतेस?"

"धरायलाच हवं."

गोदूबाईंनी तिच्या गालावरून बोटे फिरवून कानशिलावर मोडली आणि त्या बाहेर पडल्या. आधार द्यायला मागोमाग निघालेली चंद्रा दारातच थबकली. गोदूबाईंनी लुगडे उचलून बाकड्याला झोकात वळसा घातला होता, आणि आता एका पायावर उभ्या राहून त्या दुसऱ्या पायात वहाण सरकवत होत्या.

पंढरी धडपडत उठला. "काय म्हनल्या डॉक्टरबाई?"

"आधी तिला इचार, मंग तिच्या बापाकडं जाऊ," गोदूबाई म्हणाल्या. "लोकं सून चालवून बघतात. मी पडून बघितली."